मुळीचे माप घेणारा डॉक्टर : रुस्तम जाल वकील

१९५७ साली अमेरिकेतल्या लास्कर पुरस्कारांची यादी जाहीर झाली. वैद्यकातल्या मानाच्या पुरस्कारांत नोबेलच्या खालोखाल याचे नाव घेतले जाते. त्या वर्षी प्रत्यक्ष उपचारांच्या संशोधनासाठी सहा डॉक्टरांची निवड झाली होती. फ्रान्सचे आंरी लाबोरी आणि पिएर देनिकेर, कॅनडातले हाइन्झ लेहमन, अमेरिकेतले नेथन क्लाइन आणि रॉबर्ट नोस. या पाचही जणांचे काम एकाच विषयातले होते. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारावर पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने लागू पडलेली औषधे त्यांच्या कामातून रुग्णांपर्यंत पोहोचली होती. सहावे नाव मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे होते, आणि हे गृहस्थ हृदयरोगतज्ज्ञ होते.

मनाच्या डॉक्टरांच्या पंगतीत हृदयाचा डॉक्टर कसा येऊन बसला, याचे उत्तर एका मुळीत आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर रानात ती उगवते. तिचे नाव सर्पगंधा.

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ चा, पारशी घरातला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले आणि परतल्यावर परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगांचे डॉक्टर म्हणून काम केले. त्या काळी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत नामांकित डॉक्टर मानद म्हणून येत. सकाळी ओपीडी आणि वॉर्ड, दुपारनंतर स्वतःचा दवाखाना, असा त्यांचा दिवस असे. परळ-लालबाग म्हणजे तेव्हा गिरण्यांचा मुलूख. केईएमच्या ओपीडीत येणारा रोगी बहुधा हातावर पोट असलेला, महागडे औषध न परवडणारा.

अशा रोग्याचा रक्तदाब मोजायला यंत्र होते, पण मोजून पुढे काय करायचे, हा प्रश्न होता. फेनोबार्बिटोनसारखी गुंगी आणणारी गोळी द्यायची, थायोसायनेटसारखे विषारी क्षार जपून वापरायचे, मिठाशिवाय नुसत्या भात-फळांवर ठेवायचे किंवा सर्जनकडे पाठवून पाठीतल्या नसा तोडायच्या. डॉक्टरच्या हातात एवढेच होते. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत होता आणि जगातले सर्वांत बलाढ्य सरकार त्यावर एक साधी गोळी देऊ शकत नव्हते. मग परळच्या कामगाराची काय कथा.

सर्पगंधा मात्र आपल्याकडे जुनीच. आयुर्वेदात तिचा उल्लेख आहे, सापाच्या विषावर ती वापरत म्हणून हे नाव. बिहारच्या बाजारात तर ती सरळ ‘पागल की दवा’ या नावाने विकली जाई. झोप न येणारे, आरडाओरडा करणारे, अंगावर धावून जाणारे माणूस या मुळीच्या चूर्णाने शांत होते, हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला राउवोल्फिया असे लॅटिन नाव दिले, ते सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. त्याने ही वनस्पती बहुधा कधी पाहिलीही नसावी. नाव कोणाचे लागेल याचा नेम नसतो.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी सहकाऱ्यासह या मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन म्हटले. त्याच वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. मुळीचे २० ते ३० ग्रेन चूर्ण, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिले की वेडाच्या भरात हिंसक झालेला रोगी शांत होतो आणि त्याचा रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदवले होते. पुढच्या पंचवीस वर्षांची सगळी कथा त्या एका लेखात बीजरूपाने होती. पण कोलकात्याच्या मासिकातला लेख लंडन-न्यूयॉर्कमध्ये कोण वाचणार? तो तसाच पडून राहिला.

मधल्या काळात डेहराडूनच्या हिमालया कंपनीने १९३४ मध्ये या मुळीच्या गोळ्या ‘सर्पिना’ नावाने बाजारात आणल्या. चूर्णाची पुडी आणि गोळी यांत डॉक्टरच्या दृष्टीने मोठा फरक आहे. कोणत्या जंगलातली मुळी, कोणत्या महिन्यात खणलेली, साल किती आणि गाभा किती, यावर चूर्णाचा जोर बदलतो. गोळीत निदान दर वेळी तेवढीच मुळी जाते. मोजणी करायची तर आधी देणे सारखे हवे. वकील यांनी हीच गोळी घेतली.

त्यांनी जे केले ते आज ऐकायला साधे वाटेल. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रोगी निवडले. रक्तदाब वाढण्याला मूत्रपिंडाचा विकार वगैरे दुसरे उघड कारण नसलेले. त्यांना सर्पिनाच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब लिहून ठेवत गेले, औषधाआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे समोरासमोर मांडले. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के रोग्यांचा वरचा आणि ८१ टक्के रोग्यांचा खालचा दाब उतरलेला दिसला. हा लेख ऑक्टोबर १९४९ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. आज नव्या औषधाची परवानगी मागायची तर शेकडो-हजारो रोगी, खोट्या गोळीशी तुलना, कोणाला काय दिले हे डॉक्टरलाही ठाऊक नसणे, एवढे सगळे लागते. त्या मानाने ५० रोगी म्हणजे लहानसे काम. पण शतकानुशतके ऐकीव राहिलेल्या गुणाला आकड्यांत बसवून, जिथे जगभरचे हृदयतज्ज्ञ वाचतात तिथे ते ठेवण्याचे काम आधी कोणी केले नव्हते. वैद्यकात ‘आमच्या आजीला ठाऊक होते’ आणि ‘पन्नासांतल्या इतक्यांना गुण आला’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिले खरे असले तरी दुसऱ्याशिवाय औषध पुढे जात नाही.

लेख पुढे गेला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रोग्यांना दिल्या. रक्तदाब उतरला तो उतरलाच, शिवाय रोग्यांची कुरकुर, धास्ती, चिडचिड कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. त्याला रिसर्पिन म्हणतात. वाळलेल्या मुळीत तो हजारात एखादा भाग असतो. ग्रॅमच्या चूर्णाऐवजी आता मिलिग्रॅममध्ये मात्रा देता येऊ लागली.

१९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक आजारांवर या मुळीच्या वापराबद्दल एक निबंध वाचला. त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि ती नेथन क्लाइन यांनी वाचली. क्लाइन न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड सरकारी मनोरुग्णालयात होते. हजारो रुग्ण, बहुतेक स्किझोफ्रेनियाचे, कित्येक जण दहा-वीस वर्षे आत. उपाय म्हणजे विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी, मेंदूतले धागे कापण्याची शस्त्रक्रिया आणि बाकी कोंडून ठेवणे. क्लाइन यांनी मूळ चूर्ण आणि रिसर्पिन चारशेहून अधिक रुग्णांना देऊन १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. सगळे बरे झाले नाहीत, पण कित्येकांचा क्षोभ ओसरला, काही जण घरी जाण्याइतके सुधारले. सुधारणा सर्वांत आधी तावदाने बसवणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली, असे क्लाइन पुढे सांगत. काचा फुटायच्याच कमी झाल्या होत्या.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये देनिकेर आणि त्यांचे प्रमुख ज्याँ दिले यांनी क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध आणले होते. लाबोरी या शल्यचिकित्सकाला भुलीच्या आधी देताना त्याचा गुण जाणवला होता. म्हणजे १९५२ ते ५४ या अवघ्या दोन-तीन वर्षांत, जिथे काहीच नव्हते तिथे दोन औषधे आली. एक कारखान्यातले, एक आपल्या रानातले. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. त्यानंतर तो आकडा उतरायला लागला, तो पुन्हा चढला नाही.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातून नुकताच सुटला होता. निजामाच्या राजवटीत वेड्यांचे सरकारी इस्पितळ जालन्याला होते, बीडहून शंभरेक किलोमीटरवर. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलले. जगात या आजारावर औषध आले, त्याच सुमारास आपल्या भागातले इस्पितळ गेले, असा हा योग. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आजही मराठवाड्याच्या बाहेरच आहेत.

दोन इतकी वेगळी औषधे एकाच आजारावर कशी चालतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांना सतावत होता. त्याच्या उत्तरातून मेंदूच्या रसायनशास्त्राचा पाया घातला गेला, आणि तिथे पहिली किल्ली रिसर्पिनची होती.

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. निरोप द्यायचा तर पहिली पेशी फटीत एक रसायन सोडते आणि दुसरी ते टिपून घेते. डोपामिन हे त्यांतले एक. आपला मोंढा डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पेशीत गोदाम आहे, गोदामात डोपामिनची छोटी छोटी पोती रचलेली आहेत. पोती भरायला हमाल आहेत. हुकूम आला की पोते फटीत रिकामे होते आणि समोरच्या दुकानदाराने, म्हणजे दुसऱ्या पेशीच्या ग्राहकाने, माल घेतला की निरोप पोहोचला. रिसर्पिन काय करते? ते हमालाचे हात बांधते. पोत्यात न गेलेला माल उघड्यावर राहतो आणि पेशीतलेच एक विकर त्याची विल्हेवाट लावते. हळूहळू गोदाम रिकामे होते. हमाल एकदा अडकला की सुटत नाही, नवे हमाल तयार व्हावे लागतात. म्हणून या औषधाचा गुण यायला वेळ लागतो आणि गोळी थांबवल्यावरही परिणाम बराच काळ राहतो. क्लोरप्रोमाझिन गोदामाला हात लावत नाही. ते समोरच्या दुकानाचे शटर ओढून ठेवते. माल आला तरी घेणारा नाही. वाटा दोन, पण शेवट एकच, डोपामिनचा निरोप मंदावतो.

हे कळायला वेळ लागला. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतले सेरोटोनिन संपते. १९५७ मध्ये, म्हणजे वकील यांना लास्कर मिळाला त्याच वर्षी, स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे दगडासारखे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा हे डोपामिनचे कच्चे रूप टोचले. ससे उठून हालचाल करू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला तर मात्र ते उठत नव्हते. डोपामिन हा मेंदूचा स्वतंत्र निरोप्या आहे हे त्यातून पुढे आले. कंपवाताला आज जी लेव्होडोपाची गोळी देतात ती त्याच सशांची देणगी. १९६३ मध्ये कार्लसन यांनी क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल डोपामिनचे ग्राहक अडवत असावेत असे सुचवले, पुढे प्रयोगांतून ते पक्के झाले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. परळच्या ओपीडीत गाजलेली मुळी सशांच्या पिंजऱ्यापर्यंत गेली नसती, तर हा प्रवास कदाचित आणखी लांबला असता.

स्किझोफ्रेनियाच्या रोग्याला डोपामिन जास्त म्हणजे नक्की काय होते? मेंदूच्या एका ठरावीक वाटेवर हे रसायन ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचे आहे’ अशी खूण करत असते. ताट वाढल्याचा आवाज, मुलाचे रडणे, रस्त्यावरचा हॉर्न यांना ती खूण मिळते, बाकी शेकडो गोष्टींना मिळत नाही, म्हणून आपण शहाणे राहतो. ती वाट उफाळली की खूण कशालाही लागते. शेजारी खोकला, तो आपल्याला उद्देशून. बांधावर दोघे बोलत उभे, ते आपल्याच विरुद्ध कट करताहेत. टीव्हीवरची बाई आपलेच गुपित सांगते आहे. मनातला विचार बाहेरून कानात आल्यासारखा ऐकू येतो. रोगी खोटे बोलत नसतो, त्याला ते खरोखरच तसे जाणवते. म्हणून त्याच्याशी वाद घालून काही होत नाही, आणि ‘बाहेरचे’ काढणाऱ्याने कितीही अंगारा लावला तरी रसायन जागेवरच राहते. अर्थात डोपामिन म्हणजे सगळा स्किझोफ्रेनिया नाही. आनुवंशिकता आहे, गर्भातली आणि लहानपणीची मेंदूची वाढ आहे, गांजाचे व्यसन आहे, ताण आहे. रोग्याचे बोलणे आटणे, अंघोळ-कामाची इच्छा मरणे, एका कोपऱ्यात बसून राहणे, यांवर आजच्या गोळ्यांचा उपयोग कमीच होतो. हे नातेवाइकांना आधी सांगितले नाही, तर ती माणसे गोळीवरच चिडतात.

रिसर्पिनचे राज्य फार टिकले नाही. सारे गोदामच रिकामे होते म्हटल्यावर नुसती वेडाची वाट कशी सुटेल? हालचालीच्या वाटेवरचेही डोपामिन गेले. रोगी कंपवातासारखा ताठ होई, चेहरा कोरा पडे, हात थरथरे. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन गेले की रक्तदाब फार उतरे, नाक चोंदे, जुलाब होत. काही रोगी खोल उदासीत गेले, आत्महत्येच्या नोंदी आल्या. उदासीचा हा धोका मुळात सांगितला गेला तितका मोठा नसावा, असे अलीकडच्या चिकित्सेत दिसते. पण त्या वेळी डॉक्टर घाबरले ते योग्यच होते. क्लोरप्रोमाझिन लवकर लागू पडत होते, मात्रा सांभाळायला सोपे होते. काही वर्षांतच मनोविकारांच्या वॉर्डातून रिसर्पिन मागे पडले.

ही बाजू आपल्याकडे सांगितली जात नाही. सर्पगंधा आपली, तिने जगाला वेडावरचे औषध दिले, एवढे अभिमानाने ऐकवले जाते, आणि त्यापुढे नकळत एक वाक्य जोडले जाते की झाडपाल्याचे आहे, अपाय काही नाही. ज्या मोजणीने मुळीचा गुण सिद्ध केला त्याच मोजणीने तिचे अपायही दाखवले. एकाच हिशेबाच्या वहीतली जमा बाजू घ्यायची आणि खर्चाचे पान फाडायचे, हे बरोबर नाही. रिसपेरिडोन किंवा ओलान्झापिन चालू असलेल्या रोग्याला घरचे लोक गुपचूप सर्पगंधेची पुडी देतात. तेव्हा दुकानाचे शटर बंद असतानाच गोदामही रिकामे केले जाते. रोगी ताठरतो, उठता उठता चक्कर येऊन पडतो, दिवसभर पेंगतो. मग दोष जातो सरकारी गोळीला.

आपल्या जिल्ह्यात या गोळ्यांचा खरा वैरी वेगळा आहे. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रक-ट्रॅक्टर भरलेले, नवरा-बायको सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने. घरात स्किझोफ्रेनियाचा रोगी असला तर एकतर तो बरोबर फडात जातो, नाहीतर म्हाताऱ्या आई-वडिलांपाशी गावात राहतो. महिन्याच्या गोळ्या संपतात. फडातून दवाखाना लांब, खाडा परवडत नाही, गावातल्या म्हाताऱ्याला तालुक्याला जायला सोबत नाही. पहिले आठ-पंधरा दिवस उलट बरे वाटते, कारण सुस्ती गेलेली असते, अंग मोकळे झालेले असते. घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांनीच आजारी होता. आजार उलटायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर गोळी बंद केल्याचे कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि वसंतात कोयता परत येतो तेव्हा रोगी पुन्हा बांधून ठेवलेला असतो. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले तर पुरेशा दिवसांच्या गोळ्या मागता येतात. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे लांब पल्ल्याचे इंजेक्शनही मिळते. ते जिथे गाळप चालू असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात घेता येईल का, याची चौकशी जाण्याआधीच करावी. चिठ्ठी जपून ठेवावी, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. रात्री-अपरात्री काही विचारायचे असेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे.

हात कापणे, लाळ गळणे, वजन आणि साखर वाढणे, बाईची पाळी थांबणे, हे आजच्या गोळ्यांचेही त्रास आहेत आणि ते लपवू नयेत. त्यांवर मात्रा कमी करणे, गोळी बदलणे, दुसरी गोळी जोडणे असे मार्ग आहेत. आपल्या मनाने बंद करणे हा त्यांतला मार्ग नाही. वर्षानुवर्षे गोळ्या घेतलेल्या काही रोग्यांची जीभ आणि जबडा आपोआप हलत राहतात. त्यावर हल्ली टेट्राबेनाझिन आणि त्याच्या भावंडांच्या गोळ्या देतात. गंमत अशी, की या गोळ्या रिसर्पिनने अडवलेल्या त्याच हमालाला अडवतात, फक्त हलक्या हाताने आणि थोड्या वेळापुरत्या. सर्पगंधेला वॉर्डातून बाहेर काढणाऱ्या औषधांनी केलेली हानी भरून काढायला तिच्याच वाटेने जावे लागले.

वकील या साऱ्या गोंधळापासून दूर, आपल्या हृदयांच्या कामात होते. लास्करनंतरच्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले. सर्पगंधेवर ते पुढेही लिहीत राहिले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ‘सर्क्युलेशन’मध्ये त्यांनी या औषधाच्या तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. पण त्यांचे मन अधिक गुंतले ते हृदयविकाराचा झटका येण्याच्या आधीच्या दिवसांत. छातीत दुखते, थांबते, पुन्हा दुखते, अजून झटका आलेला नाही, अशा अवस्थेतला रोगी ओळखला आणि वेळीच उपचार दिला तर झटका टाळता येतो का, यावर त्यांनी साठच्या दशकात लेख लिहिले. आज अनस्टेबल अंजायना म्हणून ज्याला आपण तातडीने आयसीयूत घेतो, तोच हा रोगी.

डॉक्टरांच्या पिढ्या त्यांना ओळखतात ते पुस्तकांमुळे. रोग्याला पाहून, चाचपून, ठोकून आणि ऐकून निदान कसे करावे, हे शिकवणारे त्यांचे आणि गोलवाला यांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिले. दुसरे काम त्याहून मोठे. तोवर भारतातले विद्यार्थी वैद्यक शिकत ते इंग्रज आणि अमेरिकन लेखकांच्या ग्रंथांतून. त्यांत हिवताप, क्षय, कुपोषण, सर्पदंश कुठेतरी शेवटी, परदेशी आजार म्हणून येत. देशातल्या फिजिशियनांच्या संघटनेने भारतीय डॉक्टरांकडून लिहवून घेतलेला मेडिसिनचा ग्रंथ १९६९ मध्ये काढला. त्याचे पहिले संपादक वकील होते. ‘एपीआय’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा तो जाडजूड ग्रंथ नवनव्या आवृत्त्यांत अजून निघतो. ज्या डॉक्टरकडे बीडचा रोगी आज तपासायला जातो, त्याने विद्यार्थीदशेत तो उघडला असण्याचा संभव मोठा आहे.

सप्टेंबर १९७४ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये एकाच अंकात तीन अभ्यास छापून आले. रिसर्पिन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो, असे त्यांत म्हटले होते. जगभर खळबळ उडाली. दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वकील गेले. वय ६३. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते याच वर्षी. कर्करोगाचा तो संबंध पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही, पण तोवर पाश्चात्त्य डॉक्टरांनी रिसर्पिन लिहिणे बरेच कमी केले होते. आपल्याकडे मात्र रिसर्पिन घातलेली ‘अडेल्फेन’ची गोळी पुढे बरीच वर्षे रक्तदाबासाठी चालत राहिली. घरातल्या जुन्या माणसांना ते नाव अजून आठवत असेल.